एक किनारा, तीन बायबलं

बायबल हा शब्द आपण नेहमी एकवचनात वापरतो. बायबलमध्ये असं म्हटलंय, बायबलमध्ये तसं म्हटलंय. जणू काळ्या पुठ्ठ्याचं एकच एक पुस्तक जगातल्या सगळ्या ख्रिस्ती घरांत ठेवलेलं आहे. प्रत्यक्षात चार घरांतली चार बायबलं घेऊन नुसती अनुक्रमणिका मोजत बसलात तरी आकडे जुळत नाहीत. प्रॉटेस्टंट घरात ६६ पुस्तकं भरतील. कॅथलिक घरात ७३. ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळींकडे त्याहून काही जास्त, शिवाय दीडशे स्तोत्रांच्या पुढे एकशे एक्कावन्नावं स्तोत्र. आणि इथिओपियाच्या चर्चची पारंपरिक गणती ८१!

गंमत म्हणजे नव्या कराराच्या २७ पुस्तकांवर आज जवळपास सगळ्यांचं एकमत आहे. भांडण आहे ते जुन्या कराराचं, म्हणजे येशूच्या आधीच्या, ज्यूंकडून वारशाने आलेल्या पुस्तकांचं. वाटणी वडिलोपार्जित इस्टेटीची आहे. आणि तसं म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला पुढचं फार समजावून सांगावं लागत नाही.

हा फरक ऐकला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. "म्हणजे कुणीतरी गाळली!" किंवा, बोलणारा कुठल्या बाजूचा आहे त्यावर, "म्हणजे कुणीतरी घुसडली!" २००३ साली 'द डा विंची कोड' आलं आणि मग तर विचारायलाच नको. सम्राट कॉन्स्टंटाईनने दरबार भरवून बायबल जुळवलं हे कॉलेजच्या कट्ट्यावरही इतिहास म्हणून सांगितलं जाऊ लागलं. वास्तविक इ.स. ३२५ च्या नायसियाच्या परिषदेत पुस्तकांच्या यादीवर काही ठराव झाल्याची नोंद नाही. तिथला वाद येशूचं ईश्वराशी नातं नेमकं काय, याचा होता. यादी कुणा एका सम्राटाने, एका दिवशी केलेली नाही. म्हणूनच तर ती एक नाही.

मला या सगळ्याचा उलगडा होऊ लागला तो रोम-जेरुसलेमच्या वाटेने नव्हे, आमच्या किनाऱ्याच्या वाटेने. श्रीवर्धन म्हटलं की लोकांना रोठा सुपारी आठवते, नाहीतर पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ. बायबल कुणाला आठवत नाही. पण श्रीवर्धनहून उत्तरेला निघा. दिवेआगर, मग दिघी, तिथून खाडी ओलांडून आगरदांडा, मुरुड, कोर्लई, रेवदंडा, अलिबाग आणि अलिबागच्या पुढे नवगाव. सगळा मिळून एका दिवसाचा रस्ता. या एवढ्याशा रस्त्यावर तीन वेगवेगळी बायबलं नांदली आहेत, आणि तिघांमधल्या फरकाची नेमकी जागा एका पुस्तकापाशी येऊन थांबते. मक्काबींचं पुस्तक. खरं म्हणजे दोन पुस्तकं, पहिलं मक्काबी आणि दुसरं मक्काबी.

सुरुवात नवगावपासून करू. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाची कथा अशी की फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्यापाशी फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे आणि आता तिथं स्मारकही आहे. सामान बुडालं, पोथ्या बुडाल्या. वाचलेल्यांनी घाणे घातले, तेल काढू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाववाल्यांनी नाव दिलं शनवार तेली. गावावरून आडनावं पडली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर. दिवेकर हे आडनाव आमच्या दिवेआगरचं. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे याच आडनावाचे. त्यांचं मराठी नाव सामाजी हसाजी.

आता विचार करा. शेकडो वर्षं या माणसांकडे एकही धर्मग्रंथ नव्हता. हिब्रूतलं 'शमा इस्रायल' एवढं एक वचन तोंडपाठ, मुलाची आठव्या दिवशी सुंता, शनिवार पाळणं, आणि खाण्याचे नियम. डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू गृहस्थ इथं आला तेव्हा त्याने म्हणे परीक्षा म्हणून इथल्या बायकांपुढे मिश्र मासळीची टोपली ठेवली. त्यांनी खवल्यांचे मासे तेवढे रांधायला घेतले, बिनखवल्यांचे बाजूला सारले, आणि राहबीची खात्री पटली. (राहबी नेमका कधी आला यावर मतभेद आहेत आणि ते शतकांचे आहेत. असो.) त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या तरुणांना शिकवून काजी केलं. ग्रंथ नसलेला ग्रंथधर्म सांभाळला कुणी, तर चुलीपाशी बसलेल्या बायकांनी! मला ही टोपलीची गोष्ट कुठल्याही ठरावापेक्षा मोठी वाटते.

आणि सण. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी या समाजाचा पहिला सविस्तर इतिहास इंग्रजीत लिहिला. १८९७ मध्ये लिहून झालेला हा ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यात जुन्या सणांची नावं आहेत आणि ती अस्सल कोकणी मराठी आहेत. नव्याचा सण. दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, दारं लावून घेऊन उपास. खिरीचा सण. होळीच्या सुमारास येणारा पुरीम म्हणून होळीचा सण. अनाशी ढाकाचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस तो बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. देवाचं मंदिर कुठे जेरुसलेमला कोसळलेलं, आणि त्याचं सुतक कुणी पाळतंय इथं, वालाचं बिरडं खाऊन! परंपरा कशी टिकते हे बघायचं असेल तर यादी म्हणून नव्हे, ताट म्हणून बघावं.

या यादीत एक मोठा सण नाही. हनुक्का. आज जगभरचे ज्यू डिसेंबरच्या सुमारास आठ रात्री दिवे लावतात तो. इसवी सनापूर्वी १७५ मध्ये सीरियाच्या गादीवर अँटायोकस चौथा हा ग्रीक राजा आला. त्याच्या अमलात १६७ मध्ये जेरुसलेमच्या मंदिरात परक्या देवाची पूजा सुरू झाली, सुंता आणि शब्बाथ पाळणं हा गुन्हा ठरला. मोदीन गावच्या मत्ताथिया नावाच्या पुरोहिताने आणि त्याच्या पाच मुलांनी बंड केलं. त्यांतला यहूदा हा मक्काबी म्हणून ओळखला गेला. त्याने १६४ मध्ये मंदिर परत मिळवून शुद्ध केलं, त्याचा हा सण. किहीमकरांचा तर्क असा: आमच्या लोकांना हा सण ठाऊकच नव्हता, याचा अर्थ आमचे पूर्वज तो सुरू होण्याआधीच निघाले असणार. म्हणजे अँटायोकसच्याच जुलमातून निसटलेली ती माणसं. म्हणून समाजात इसवी सनापूर्वी १७५ हे साल रूढ झालं. (यावर सगळे अभ्यासक सहमत नाहीत. काही जण इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात, येमेन किंवा इराणकडून आले असं मानतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मध्यपूर्वेतले आणि इथले, दोन्ही पूर्वज दिसले, पण जहाजाची तारीख काही रक्तातून निघत नाही.) तेलावर पोट असलेल्या लोकांकडे तेलाच्या दिव्यांचा सणच नसावा, हा योगायोग मात्र चटका लावणारा आहे.

ही तारखेची चर्चा हौसेची नव्हती. मुंबईतल्या बगदादी ज्यूंपैकी पुष्कळांनी बेने इस्रायलांना पूर्ण ज्यू मानायला खळखळ केली. पुढे इस्रायल राष्ट्र झालं, हजारो कुटुंबं अलिबाग-पनवेलहून तिकडे गेली. तिथं १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नांवर आक्षेप आला: तुम्हाला घटस्फोटाचे रब्बींचे नियम माहीत नव्हते, मग तुमच्या वंशाची खात्री काय? वंशावळ तपासण्याचे आदेश निघाले. त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने सांगितलं की हे सर्व अर्थांनी ज्यू आहेत. म्हणजे नंतरची पुस्तकं नव्हती, हाच एकीकडे पुरातनपणाचा पुरावा आणि तोच दुसरीकडे आरोप. कुठली पुस्तकं कुणाकडे होती हा प्रश्न लग्नाच्या मांडवापर्यंत येतो तो असा.

आता मजा बघा. हनुक्काची ही सगळी हकीकत आहे कुठं? मक्काबींच्या पुस्तकांत. आणि ती पुस्तकं ज्यूंच्या बायबलात नाहीत! सण ज्यूंचा, लढाई ज्यूंची, पण ग्रंथ जपला ख्रिस्ती लोकांनी. नवगावहून परत श्रीवर्धनच्या दिशेने निघालात तर रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई लागतं. डोंगरावर पोर्तुगीजांचा किल्ला, खाली माउंट कार्मेलचं चर्च आणि पोर्तुगीज-मराठीच्या मिश्रणातून झालेली स्वतःची बोली बोलणारं कॅथलिक गाव. चौलचं ठाणं १७४० मध्ये पोर्तुगीजांच्या हातून गेलं, गाव राहिलं. इथल्या धर्माचं बायबल ७३ पुस्तकांचं, आणि त्यात मक्काबींची दोन्ही पुस्तकं आहेत. नवगावला उतरलेली माणसं ज्या राजापासून पळाली असं मानतात, त्या राजाची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या धर्मग्रंथात नाही, शेजारच्या गावच्या कॅथलिकांच्या धर्मग्रंथात आहे.

असं कसं झालं? याला थोडं मागे जावं लागतं.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत इजिप्तच्या अलेक्झांड्रियात ज्यूंची मोठी वस्ती होती आणि त्यांना हिब्रू येईनासं झालं होतं. ग्रीक हीच घरची भाषा. त्यांच्यासाठी जुन्या ग्रंथांची ग्रीक भाषांतरं झाली, त्यांना सेप्टुअजिंट म्हणतात. भाषांतराबरोबर नवी पुस्तकंही येत राहिली. बेन सीरा नावाच्या जेरुसलेमच्या शिक्षकाने हिब्रूत सुविचारांचा ग्रंथ लिहिला होता. त्याचा नातू इजिप्तला गेला आणि तिथं त्याने आजोबांचं पुस्तक ग्रीकमध्ये उतरवलं. प्रस्तावनेत तो विनवतो की भाषांतरात काही उणं वाटलं तर सांभाळून घ्या, हिब्रूतली गोष्ट दुसऱ्या भाषेत तशीच्या तशी येत नाही. (दोन हजार वर्षांपूर्वीचा हा नातू मला फार जवळचा वाटतो.) पहिलं मक्काबी मुळात हिब्रूत लिहिलेलं, पण उरलं ग्रीकमध्येच. दुसरं मुळातच ग्रीक.

त्या काळी यादी हा प्रश्न फारसा नव्हता, कारण पुस्तक म्हणजे गुंडाळी. आपल्याकडे रुमालात बांधलेल्या पोथ्या असतात तशा. एखाद्या घरी एकनाथी भागवताच्या रुमालाशेजारी कहाण्यांची पोथी असते, म्हणून दोन्हींचा दर्जा एक हे काही कुणी ठरवलेलं नसतं. पण पानं शिवून एकच जाड ग्रंथ करायची पद्धत आली की कुठलं पान आत शिवायचं हे ठरवावंच लागतं. चौथ्या-पाचव्या शतकांतले बायबलचे तीन मोठे ग्रीक हस्तलिखित ग्रंथ आज आहेत. एकात मक्काबी नाही, एकात पहिलं आणि चौथं आहे, तिसऱ्यात चक्क चार मक्काबी आहेत! तेव्हा ख्रिस्ती लोकांतही घडी बसलेली नव्हती. सध्याची २७ पुस्तकांची नव्या कराराची यादी तंतोतंत सापडते ती इ.स. ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात. याच पत्रात त्याने एस्तेरचं पुस्तक मुख्य यादीबाहेर ठेवलं होतं.

तिकडे ज्यूंनी आपली यादी हिब्रूपुरती आवळत नेली. रोमनांनी इ.स. ७० मध्ये मंदिर पाडलं, पुढे राज्यही उरलं नाही, उरलं ते पुस्तक. त्यांची गणती २४. तीच पुस्तकं प्रॉटेस्टंट ३९ मोजतात, कारण शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग, एज्रा-नहेम्या आणि बारा लहान संदेष्टे ते सुटे धरतात. याव्ने गावी रब्बींची सभा भरून मतदान झालं असं पूर्वी सर्रास लिहिलं जाई, आता अभ्यासक ते मानत नाहीत. मक्काबी का राहिलं बाहेर? एक कारण त्या पुस्तकातच आहे. ते स्वतःच म्हणतं की आता आपल्यात संदेष्टा उरलेला नाही. दुसरं कारण मक्काबींचं घराणं. मुक्तिदाते म्हणून आले, राजे म्हणून बसले आणि पुढे भाऊबंदकीत त्यांनी रोमनांना घरात घेतलं. आपण मराठी माणसांनी यावर जास्त न बोललेलं बरं. हिब्रू पंडितांनी सण ठेवला, आठ दिवस पुरलेल्या तेलाच्या कुपीची कथा तालमुदमध्ये ठेवली, आणि घराण्याची बखर सोडून दिली. (तेलाच्या कुपीचा तो चमत्कार मक्काबींच्या पुस्तकांत नाही, हेही गमतीचं.)

चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम हा विद्वान लॅटिन भाषांतराला बसला. तो बेथलेहेमला राहून ज्यू पंडितांकडून हिब्रू शिकला आणि म्हणू लागला की हिब्रूत आहे तेच मूळ, बाकीचं वाचायला ठीक, पण त्यावर सिद्धांत उभारू नका. ऑगस्टिन म्हणाला, चर्चमध्ये पिढ्यानपिढ्या वाचलं जातं ते आमचं. ३९७ च्या कार्थेजच्या परिषदेने ऑगस्टिनच्या बाजूची मोठी यादी धरली. भाषापंडित विरुद्ध भक्तमंडळी, हा वाद आपल्याला परका नाही. जेरोमने स्वतःचं मत प्रस्तावनांत ठेवून दिलं आणि ते तिथं हजारएक वर्षं निजून राहिलं.

ते जागं झालं सोळाव्या शतकात, आणि जागं व्हायला कारण झालं पितरांचं. दुसऱ्या मक्काबीच्या बाराव्या अध्यायात लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगावर मूर्तींचे ताईत सापडतात. यहूदा त्यांच्या पापक्षालनासाठी दोन हजार चांदीची नाणी जमवून जेरुसलेमला अर्पण पाठवतो. म्हणजे मेलेल्यांसाठी जिवंतांनी काही करता येतं! कॅथलिक चर्चच्या शुद्धिस्थानाच्या कल्पनेला हा मोठा आधार. लूथरचं बंड पेटलं होतं ते नेमकं मृतांच्या नावावर विकल्या जाणाऱ्या क्षमापत्रांवरून. १५१९ मध्ये लाइपझिगच्या वादसभेत योहान एकने हा उतारा पुढे केला आणि लूथरने उत्तर दिलं की हे पुस्तक प्रमाणातच नाही. जेरोम असा कामी आला. १५३४ च्या जर्मन बायबलात लूथरने ही पुस्तकं फेकली नाहीत, मात्र दोन करारांच्या मध्ये वेगळी काढली: पवित्र शास्त्राच्या तोडीची नाहीत, पण वाचायला चांगली. याला उत्तर म्हणून ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेने ती पुस्तकं नावनिशीवार प्रमाण म्हणून जाहीर केली.

मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी आपापल्या गरजेप्रमाणे जुना आधार शोधला. तो दोघांनाही सापडला, कारण दोन्ही आधार खरेच होते. चर्चमध्ये ही पुस्तकं शतकानुशतकं वाचली जात होती हेही खरं, आणि हिब्रू यादीत ती नव्हती हेही खरं. २ नोव्हेंबरला कॅथलिक माणूस कबरीवर मेणबत्ती लावतो, मृतांसाठी मिस्सा सांगतो. ज्याच्या घरी पितृपक्षात पान वाढलं जातं त्याला ही भावना कळायला कुठल्या परिषदेची गरज नाही. पण त्याच भावनेवर दुकान थाटलं गेलं की लूथरचा संतापही कळतो.

या दोन याद्यांपलीकडे आणखीही याद्या आहेत, आणि त्यांचेही धागे आपल्या किनाऱ्यापाशी येतात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा अलेक्झांड्रियाचा प्रवासी लिहून गेला की कल्याणला इराणहून नेमलेला बिशप आहे. (त्याचं कल्लियाना म्हणजे आपलं कल्याण असं बहुतेक मानतात.) हे सिरियन परंपरेचे ख्रिस्ती, आणि त्यांच्या नव्या करारात तेव्हा २७ नव्हे, २२ पुस्तकं. प्रकटीकरण नाही, यहूदाचं पत्र नाही, पेत्राचं दुसरं आणि योहानाची दुसरं-तिसरं पत्रही नाही. कॉस्मसनेही या छोट्या यादीची नोंद केली आहे. याच परंपरेच्या केरळी ख्रिस्ती लोकांना १५९९ मध्ये उदयंपेरूरच्या सभेत पोर्तुगीजांनी हुकूम दिला की तुमच्या पोथ्यांत नसलेली पुस्तकं घाला. आणि इथिओपिया? श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दींच्या संस्थानात होतं, आणि सिद्दी मूळचे हबसाणातले, म्हणजे त्याच प्रदेशातले. ते मुसलमान, पण त्यांच्या मूळ मुलखातल्या ख्रिस्ती चर्चने हनोखाचं पुस्तक सांभाळलं, जे बाकी सगळ्यांनी सोडून दिलं. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात त्यातलं वचन येतं, एवढी त्याची एके काळची पत होती. दूर डोंगरात राहिल्यामुळे इतरांच्या परिषदांचे निरोप तिथं बंधनकारक झाले नाहीत. इथिओपियाच्या यादीत मक्काबी नावाची तीन पुस्तकं आहेत, पण ती वेगळीच, आपल्या यहूदा मक्काबीची नव्हेत! (जाता जाता: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच जंजिरा संस्थानचे मुख्य कारभारी शालोम बापूजी इस्रायल होते, म्हणजे बेने इस्रायल. हबशी नवाब, ज्यू कारभारी आणि प्रजेत पेशव्यांचं गाव.)

आता तिसरं बायबल. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले. त्यांनी मुंबईत आणि किनाऱ्यावर मराठी शाळा काढल्या, त्यांत बेने इस्रायल मुलं होती, शिक्षकही होते. १८२९ मध्ये स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. त्यांनी १८३२ मध्ये बेने इस्रायलांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. शेकडो वर्षांनी या समाजाच्या हातात त्यांचा धर्मग्रंथ आला, तो मराठीत आणि मिशनऱ्यांच्या हातून. हेतू धर्मांतराचा होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण धर्मांतरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. समाजाने जुना करार घेतला, हिब्रू घेतली, आणि ती घेऊन तो सिनेगॉगात गेला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारख्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली.

मिशनऱ्यांचा जुना करार या लोकांना इतका सहज आपला का वाटला? माझं उत्तर: तो ३९ पुस्तकांचा होता म्हणून. लूथरच्या निवडीमुळे प्रॉटेस्टंट जुना करार आणि ज्यूंचा तनाख यांतली पुस्तकं तीच आहेत, फक्त क्रम आणि मोजणी वेगळी. त्यात वेगळी काढायची टोपली नव्हती. आणि हे अगदी त्याच वर्षांत पक्कं झालं होतं. लूथरने मध्ये ठेवलेली पुस्तकं इंग्रजांच्या १६११ च्या बायबलातही मध्ये होती. ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटी युरोपातल्या वाचकांसाठी ती छापायला पैसे देते म्हणून स्कॉटिश मंडळींनी, रॉबर्ट हॉल्डेन पुढे होऊन, रान उठवलं. १८२६ मध्ये सोसायटीने ठरवलं की या पुस्तकांवर आमचा पैसा खर्च होणार नाही. त्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मिशनचा मराठी नवा करार छापून निघाला. मराठी प्रॉटेस्टंट बायबलात, अगदी पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या आणि १९२४ मध्ये पूर्ण छापलेल्या भाषांतरापर्यंत, ६६ हीच परंपरा राहिली. सिद्धांत ट्रेंट-लाइपझिगला ठरले असतील, पण सामान्य माणसाच्या हातात किती पानं पडणार हे देणगीदारांच्या सभेत ठरलं. १९६८ मध्ये बायबल सोसायट्या आणि कॅथलिक चर्च यांच्यात समझोता झाला आणि ती पुस्तकं वेगळ्या विभागात छापायची वाट पुन्हा उघडली.

पण याचीच दुसरी बाजू अशी की मक्काबींची गोष्ट त्या मराठी बायबलातून अलिबागला आली नाही. योहानाच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात हिवाळ्यातल्या एका सणाला येशू मंदिराच्या देवडीत फिरत असल्याचं लिहिलं आहे. तो सण हनुक्काच. प्रॉटेस्टंट बायबल वाचणाऱ्याला सणाचं नाव दिसतं, त्याची कथा दिसत नाही. ती कोर्लईच्या कॅथलिकांच्या ग्रंथात असते, आणि शनवार तेल्यांच्या मुलांना ती नंतर ज्यू मार्गानेच, प्रार्थनापुस्तकांतून आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांकडून कळत गेली.

दुसऱ्या मक्काबीची सुरुवात लढाईने होत नाही, पत्राने होते. जेरुसलेमच्या ज्यूंनी इजिप्तमधल्या आपल्या भाऊबंदांना ते लिहिलं आहे. पत्रावरचा शक आपल्या गणतीने इसवी सनापूर्वी १२४ च्या आसपास येतो. मजकूर साधा: आम्ही इथं बरे आहोत, आमच्यावर असा असा प्रसंग आला होता, मंदिरात दिवे पुन्हा लागले, तर तुम्हीही तिकडे हा सण पाळत जा. ते पत्र इजिप्तला पोचलं आणि ग्रीक पुस्तकात शिवलं गेलं म्हणून राहिलं. कोकणात त्या वेळी त्यांचं कुणी असलंच, तर त्यांना असं पत्र आलं नाही. आता हनुक्का अलिबागकडे उरलेल्या मोजक्या घरांत होतो आणि इस्रायलमध्ये गेलेल्या दिवेकर-किहीमकरांकडेही होतो, आठही दिवे लावून.